पाच लाखांचा माणूस

महाराष्ट्रात माणसाचा भाव ठरलेला आहे : पाच लाख रुपये. 7 जून 2021 रोजी पुण्याजवळ उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात सतरा कामगारांचा जळून कोळसा झाला, सरकारने पाच लाख जाहीर केले. 17 डिसेंबर 2023 रोजी नागपूरजवळ बाजारगावात स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, पाच लाख. त्याच महिन्याच्या अखेरच्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा जण गेले, पाच लाख. 23 मे 2024 रोजी डोंबिवलीत रसायनांचा कारखानाच उडाला, पाच लाख. या काळात तेल महागले, शाळेची फी वाढली, एसटीचे तिकीट वाढले. कामगाराच्या प्रेताचा दर मात्र जागचा हलला नाही. मंत्रालयात या पत्रकाचा मसुदा बहुधा कायमचा तयार ठेवलेला असावा. गावाचे नाव आणि तारीख तेवढी भरायची, खाली सही ठोकायची.

गैरसमज नको. सकाळी डबा घेऊन गेलेली बाई ज्या घरात रात्री पिशवीत बांधून परत येते, त्या घराला पैसा लागतो, आणि तो पाच लाखांहून कितीतरी जास्त लागतो. आमचा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. ही रक्कम सरकारी तिजोरीतून आणि मुख्यमंत्र्यांच्या निधीतून जाते. म्हणजे सुटकेचे दुसरे दार न बसवता जो खर्च वाचला तो मालकाच्या गल्ल्यात, आणि दार नसल्यामुळे जी माणसे मेली त्यांचा खर्च तुमच्याआमच्या माथी. इतका फायद्याचा व्यवहार चाकणपासून तारापूरपर्यंत दुसरा सापडणार नाही. मग मालकाने दार का बसवावे?

उरवड्याची गोष्ट आठवा. सोमवार होता, दुपारची वेळ, कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरू लागलेली. पाणी निर्जंतुक करण्याची क्लोरिन डायऑक्साइडची उत्पादने आणि सॅनिटायझर तिथे बनत होते. अवघे राज्य हात चोळत बसले होते तेव्हा मुळशी तालुक्यातल्या या शेडमध्ये बायका उभ्या राहून पाकिटे भरत होत्या. या कुळातली रसायने आगीच्या तोंडी गेली की तिला प्राणवायू पुरवतात. शेजारी प्लॅस्टिक रचून ठेवायचे नसते हे कोणीही सांगेल. तिथे पाकीटबंदीच्याच जागी भडका उडाला. मृत सतरांपैकी पंधरा बायका. देह ओळखता येईनात म्हणून डीएनए तपासावा लागला. आतल्या माणसांपर्यंत पोचण्यासाठी भिंती जेसीबीने फोडल्या गेल्या. हे वाक्य बातमीत वाचून आपण पुढे गेलो, म्हणून पुन्हा लिहितो : भिंती जेसीबीने फोडल्या गेल्या. ज्या भिंतीला मढी काढायला भोक पाडावे लागते, त्या भिंतीला जिवंत माणसांसाठी दार का नव्हते? या एका प्रश्नाला चौकशी समिती लागत नाही. गवंडीसुद्धा उत्तर देईल.

पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्याला तर कारखाना म्हणावा असे काही नव्हतेच. एक शेड, आणि त्यात वाढदिवसाच्या केकवर खोवायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवण्याचे काम. परवाना नाही, अग्निशमन दलाची परवानगी नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी आग लागली, सहा जण त्याच दिवशी गेले आणि मग आठवडाभर इस्पितळातून एकेक आकडा येत राहिला. मरणाऱ्यांत बहुतेक बायका. चार वर्षांपूर्वी याच तारखेला, 8 डिसेंबर 2019 रोजी, दिल्लीच्या अनाज मंडीत पिशव्या-खेळणी बनवणाऱ्या इमारतीत 43 झोपलेले कामगार गेले होते. पण दिल्लीतून पिंपरी-चिंचवडने काय शिकावे? श्रीमंतीची टिमकी वाजवणारी ही महापालिका अनधिकृत टपरी दोन तासांत उचलते. दारूच्या कोठारासारखी शेड मात्र तिला दिसली नाही. दिसली नाही, की दिसू दिली गेली नाही? हप्ता हा शब्द आम्ही पुराव्याशिवाय छापत नाही. वाचकांनी तो मनात म्हणावा.

आता आमच्याच धंद्याविषयी. 18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानात आग लागली आणि तिथेच राबून तिथेच झोपणारे बारा कामगार मेले. अकरा दिवसांनी कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, चौदा जण मेले. दोन्हीकडे अपराध तोच : वाट अडवलेली, बांधकाम वाढवलेले, तपासणी कागदावर. कमला मिलनंतर वृत्तवाहिन्यांनी आठवडाभर आक्रोश केला, वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने दिली, महापालिकेने दुसऱ्याच दिवशी शेकडो ठिकाणी हातोडा चालवला. योग्यच केले. खैरानी रोडच्या बारांना काय मिळाले? एका दिवसाचा कोपरा. मेलेले परप्रांतातून आलेले, भट्टीवर शेव पाडणारे. त्यांच्या घरचे कुणी स्टुडिओत बसणारे नव्हते. त्या अकरा दिवसांत जर आम्ही ओरडलो असतो, तर गच्चीवरचे चौदा कदाचित आज घरी असते. या पापात मराठी पत्रकारितेचा वाटा आहे आणि तो आम्ही नाकारणार नाही.

डोंबिवलीवर तर एक जाडजूड ग्रंथ व्हावा. जानेवारी 2014 मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. मुख्यमंत्री जातीने पाहायला आले. ज्या गावात आभाळ आणि जमीन दोन्ही रंग बदलतात, तिथे आणखी कुठली सूचना हवी? 26 मे 2016, गुरुवार. औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यातला एक कारखाना असा फुटला की दूरदूरच्या घरांची तावदाने खाली आली. बारा मेले, दोनशेच्या आसपास जखमी. जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसली, प्रोपार्जिल क्लोराइड या रसायनाचे नाव निघाले, अहवाल तयार झाला आणि कपाटात गेला. तो लोकांच्या हाती पडण्यासाठी एका नागरिकाला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला. बारा माणसे का मेली, हे राज्य सरकारचे गुपित असते काय? मग धोकादायक कारखाने हलवण्याची भाषा सुरू झाली. 2022 मध्ये दीडशेहून अधिक कारखाने पाताळगंगेला नेण्याचे ठरले. ठरले, एवढेच.

23 मे 2024. पुन्हा मे महिना, पुन्हा गुरुवार, पुन्हा दुसरा टप्पा. आठ वर्षांना तीन दिवस कमी होते. पुन्हा काचा, पुन्हा काळ्या धुराचा खांब, पुन्हा देहांचे तुकडे गोळा करून प्रयोगशाळेत पाठवणे. एका कामगाराची ओळख तर बोटातल्या अंगठीवरून पटवण्याची पाळी आली, असे तेव्हा छापून आले होते. मंत्री आले, डोक्यावर हेल्मेट चढवले, ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’ म्हणाले. हेल्मेट मंत्र्यांना लगेच मिळते, हे आम्ही नेहमी पाहतो. आणि कारखाने हलवण्याची घोषणा? तीही पुन्हा झाली. कारखाने आधी होते, इमारती नंतर चिकटत गेल्या, असे उद्योजक म्हणतात. खरे आहे. मग कुंपणाला टेकून टॉवर उभे करायला परवानगी कुणी दिली, त्याच्यावर एक तरी गुन्हा दाखल झाला का? कारखानदाराला अटक होते तेव्हा फोटो पहिल्या पानावर छापतो. शिक्षेची बातमी छापल्याचे आम्हाला आठवत नाही. बहुतेक वेळा हातकड्या पडतात त्या पाळीच्या सुपरवायझरला, ज्याला साधा व्हॉल्व्ह बदलायचा म्हटले तरी वरून मंजुरी मागावी लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

स्फोट निदान बातमीत येतो. रोज जे कापले जाते त्याची बातमीही होत नाही. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये जाऊन कामगारांच्या हातांकडे पाहा. पत्रा दाबणाऱ्या यंत्राला दोन बटणे असतात, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय डाय खाली येऊ नये म्हणून. समोर प्रकाशाचा पडदा असतो, त्यात हात गेला की यंत्र थांबते. आणि तासाला अमुक इतके नग काढायचेच असतील तर काय होते? एक बटण चिंधी कोंबून दाबून ठेवतात, सेन्सरवर चिकटपट्टी मारतात, किंवा सरळ पायाचे पेडल जोडतात. कामगार स्वतः करतो, असे मालक हात झटकून सांगतो. करतो ना! नग कमी पडले तर उद्या ठेकेदार गेटवरूनच परत पाठवणार आहे. कारखाने अधिनियमाचे 21 वे कलम यंत्राला संरक्षक जाळी-आवरण सक्तीचे करत होते. 1948 पासून करत होते. तरी बोटे जातात, आणि त्यांचेही दरपत्रक आहे. कामगार भरपाईच्या 1923 च्या जुन्या कायद्याला जोडलेले परिशिष्ट उघडा : अख्खा अंगठा गेला तर कमावण्याची कुवत 30 टक्क्यांनी घटली असे धरायचे, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. करंगळी सात टक्के! ज्याने हे कोष्टक केले त्याने आयुष्यात पान्याला हात लावला नसावा. आणि या दमलेल्या हातांसाठी राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये काय मंजूर केले? कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर. अकराव्या तासाला माणसाचे डोळे कसे मिटतात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी एक दिवस प्रेसवर उभे राहावे. कॅमेऱ्यासाठी दहा मिनिटे नव्हे, पुरे बारा तास.

तरी आम्हाला सांगितले जाते की कायदा आहे. आहे, आणि आता नवाकोरा आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता संसदेने सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर केली, राज्यसभेत विरोधक बहिष्कार टाकून बाहेर असताना. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणवून घ्यायला पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. तळवड्यासारख्या शेडी यातून कुठे पडतात, हिशेब करा. पण आमचे डोळे शिक्षेच्या कलमावर खिळले. मालकाने कर्तव्य चुकवले आणि त्यामुळे माणूस मेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड किमान किती? पाच लाख! सरकारी पत्रकातला भाव आता कायद्याच्या पुस्तकातही चढला. आणि दोन पर्यायांमध्ये तो ‘किंवा’ बसला आहे. सोनेरी मखरात बसवून त्याची पूजा करावी, इतके मालकांवर त्याचे उपकार आहेत. जुन्या कायद्यात हाच मृत्यू किमान 25,000 रुपयांत निभत होता, म्हणून ही वाढ आहे असे कुणी म्हणेलही. म्हणोत. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला पाच लाख म्हणजे दिवाळीच्या भेटवस्तूंचा खर्च.

हे पाणी कुठवर मुरलेले आहे हे पाहायचे तर भोपाळला जावे लागते. डिसेंबर 1981 मध्येच, पुढे ज्यातून विषारी वायू सुटला त्या कारखान्यात, फॉस्जीन वायूने एक कामगार मेला होता. 1982 मध्ये राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने आपल्या छोट्याशा साप्ताहिकात शहर ज्वालामुखीवर बसल्याचे ओरडून सांगितले. कुणी ऐकले नाही. खर्च वाचवायचा म्हणून विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवलेली, गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीच्या नावाखाली तोडून ठेवलेला. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. निकाल लागायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. शिक्षा दोन वर्षे, दंड लाखभर रुपये, आणि त्याच दिवशी जामीन. तो दिवस होता 7 जून 2010. उरवड्याच्या बायका जळाल्या तोही 7 जूनच, बरोबर अकरा वर्षांनी. आम्ही ज्योतिषी नाही, योगायोगाला योगायोगच म्हणतो. पण देशातल्या प्रत्येक कारखानदाराने भोपाळचा तो निकाल वाचला आणि त्यातून जे शिकायचे ते तो शिकला, यात योगायोग काही नाही. 1986 मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने, दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद आहे आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीच्या प्रमाणात हवी, असे ठणकावले होते. ऐपतीच्या प्रमाणात! त्या निकालावर चार दशकांची धूळ आहे.

बरे, कायदा मेला तरी तपासणारा जिवंत आहे का? भारताने 1949 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 81 वा करार मान्य केला. त्यात स्वच्छ लिहिले आहे की निरीक्षकाला दिवसा-रात्री, केव्हाही, आगाऊ सूचना न देता कारखान्यात शिरता आले पाहिजे. आपण काय केले? ‘इन्स्पेक्टर राज’ नको असा घोष करून निरीक्षकाचा दात पाडला, कोणत्या कारखान्यात जायचे ते संगणक सांगू लागला, आणि मालकाने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र द्यायची सोय झाली. नव्या संहितेत त्याचे नावही निरीक्षक-नि-सुविधाकार झाले. चोराच्या घरी जाऊन त्याची सोय पाहणारा हवालदार! निरीक्षक लाच खातात म्हणून तपासणीच काढून टाका, हे म्हणजे उंदीर झाले म्हणून धान्याचे कोठार जाळण्यासारखे. लाच खाणाऱ्याला तुरुंगात घाला की! आगीच्या बाबतीत तर आणखी मौज आहे. 2006 च्या राज्याच्या कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेची यंत्रणा ठाकठीक असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो देते परवानाधारक खासगी संस्था, आणि तिचे बिल भरतो ज्याची तपासणी व्हायची तोच. वर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे पुरेशी माणसे नाहीत. माणसे भरा म्हटले की वित्त विभागाकडे बोट. स्फोट झाला की संचालनालय एमआयडीसीकडे बोट दाखवते, एमआयडीसी प्रदूषण मंडळाकडे, प्रदूषण मंडळ महापालिकेकडे. या खात्यांची तेवढीच बोटे शाबूत आहेत.

बंद टाकीत आणि गटारात उतरणाऱ्यांचे मरण तर आता इतके नेमाचे झाले आहे की त्याचा क्रमही पाठ झाला. एक उतरतो, आवाज बंद होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. मग तिसरा. 9 एप्रिल 2024 रोजी विरारला एका वसाहतीच्या सांडपाणी प्रकल्पात असेच चार गेले. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणतात, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच मरते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, हवा निवळली. दोरी, वर उभा राहून ती धरणारा माणूस, हवा फेकणारा पंखा आणि वायू मोजणारे हातातले यंत्र, एवढ्यावर हे चारही जगले असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाख केली. आता भाव चढल्यावर तरी हिशेब बदलेल अशी आशा होती. ठेकेदारांनी यंत्राऐवजी वकील घेतले. आणि जात? उतरणारे कोणत्या वस्तीतून येतात हे लिहायला हवे का?

सुरक्षा म्हणजे केवळ आग आणि वायू नव्हे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात काम संपवून कपडे बदलायला तळघरात गेलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर वॉर्डबॉयने हल्ला केला. बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात निपचित पडून राहिली, 2015 मध्ये गेली. बायकांना कपडे बदलायला आडोशाची, आतून कडी लागणारी खोली, यापलीकडे तिथे काय लागत होते? 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार झाला, तिचा खून झाला. तीही विसावली होती ती सभागृहात, कारण नीटशी विश्रांतीची खोली नव्हती. अर्धे शतक उलटले आणि कडी बसली नाही. आमच्या देशात दार कारखान्यात बंद सापडते आणि बायकांच्या खोलीला सापडतच नाही. नव्या संहितेने रात्रपाळीची दारे बायकांना उघडली आहेत. घरापर्यंत सोडणाऱ्या गाडीचे काय, एवढेच तूर्त विचारतो.

या सगळ्याला एकच ठेवणीतले उत्तर मिळते : फार कडक झालात तर उद्योग गुजरातला पळतील. हा बागुलबुवा इतका जुना झाला आहे की त्याचे केस पिकले. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून अधिक शिवणकामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिवणकामगारांना पगार कापण्याची धमकी देऊन आत हाकलले. त्यानंतर तिथे कपडे घेणाऱ्या परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला, स्वतंत्र अभियंते कारखान्यांत शिरले, कोणत्या कारखान्यात कोणता दोष आहे ते नावानिशी जाहीर झाले. बांगलादेशचा कापड उद्योग पळाला का? निर्यात वाढली. बांगलादेशाला जमले ते ‘प्रगत’ महाराष्ट्राला झेपत नाही, असे आमच्या उद्योगमंत्र्यांनी एकदा तोंडाने म्हणावे. आम्ही ते ठळक अक्षरात छापू.

आणि ही दमदाटीही नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पोरे राबत, तेव्हा पहिल्या कारखाना कायद्याला आमच्यातल्या बहुतेक राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी विरोध केला. हे मँचेस्टरवाल्यांचे कारस्थान आहे, देशी उद्योग बुडेल, असे ते म्हणत. कारस्थान असेलही, म्हणून पोराचे हात पट्ट्यात जायचे थांबत होते काय? त्या गलक्यात ‘दीनबंधु’ चालवणारा नारायण मेघाजी लोखंडे नावाचा एक माणूस कामगारांच्या बाजूने उभा राहिला. 1884 मध्ये त्याने गिरणी कामगारांची सभा भरवली, 1890 मध्ये मालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. आज जो कारखानदार रविवारी लोणावळ्याला जातो, तो लोखंड्यांच्या ऋणात जातो. पुढे 1942 ते 1946 डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 48 तासांच्या आठवड्याची वाट तेव्हा बांधली गेली. त्या वाटेवरून आपण आता उलटे चालत आहोत.

सरकारकडे आम्ही नवे काही मागत नाही. उरवडे, तळवडे, वाळूज, बाजारगाव आणि डोंबिवलीचे दोन्ही, या सगळ्यांचे चौकशी अहवाल येत्या अधिवेशनात पटलावर ठेवा, एक ओळ न खोडता. प्रत्येक खटला आज कोणत्या न्यायालयात कोणत्या तारखेला पडून आहे ते त्यासोबत सांगा. परवानगीवर ज्याची सही आहे त्या अधिकाऱ्याचे नाव आरोपींत घाला. मालकाइतकाच तोही त्या प्रेताचा धनी आहे. निरीक्षक रात्री दोन वाजता गेला पाहिजे, कारण ठेक्याचे मजूर शेडमध्ये झोपतात ते रात्री दोन वाजता. आणि मृताच्या घरी जाणारी रक्कम सरकारने हवी तर आधी द्यावी, पण मागाहून ती मालकाच्या मालमत्तेतून दामदुपटीने वसूल करावी, अगदी यंत्रे लिलावात काढून. पाच लाखांचा भाव मोडायला दुसरे औषध नाही. कामगार संघटनांनाही दोन शब्द : कायम कामगाराच्या पगारवाढीचा करार करताना पलीकडच्या शेडमधल्या ठेकेदारीच्या पोराच्या पायात बूट आहेत की चप्पल, हे तुमच्या मागणीपत्रात कुठे दिसत नाही. त्याच्या मरणाची सभा भरवायला तुम्ही हजर असता, हे आम्ही पाहिले आहे.

4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. 1966 साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि त्या निमित्ताने कारखान्याकारखान्यांत सप्ताह साजरा होतो. गेटवर झेंडा चढतो, हात पुढे करून शपथ घेतली जाते, घोषवाक्य स्पर्धेत पहिला आलेल्याला स्टीलचा डबा मिळतो, ‘अपघाताविना इतके दिवस’ या फलकावरचा आकडा नव्या खडूने लिहिला जातो. ठेक्यावरच्या पोराचे बोट गेलेले त्या आकड्यात धरत नाहीत, कारण मस्टरवर तो आपला नसतो. समारंभाला मंत्री येतील, कामगार आयुक्त येतील, आम्हालाही निमंत्रण येईल आणि चहाबरोबर बटाटेवडा मिळेल. प्रमुख पाहुण्यांना आमची विनंती आहे. फीत कापण्याआधी, सुरक्षा अधिकाऱ्याला न सांगता, शेडच्या मागच्या बाजूला जा. तिथे एक दार असेल. पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतील ती बाजूला करा आणि दार ढकलून पाहा.